जस्तावरचा रंग

त्या संध्याकाळी बापलेकीचं भांडण झालं ते पाण्याच्या पाइपावरून.

बोट पाण्यातून वर ओढून घराच्या मागच्या अंगणात आणली होती. ती ज्या ट्रेलरवर बसायची त्याला घरात सगळे गाडा म्हणत. लेक गाड्याखाली गोणपाटावर उताणी पडली होती आणि पाइप तिच्या हातात होता. वडील वर बोटीत उभे राहून पाइप ओढत होते.

"सोड की. इंजिन तहानलंय माझं."

"थांबा. पाटे राहिलेत."

"पाटे काय पळून जातायत?"

"इंजिन तरी कुठं पळतंय?"

वडील हसले, पण पाइप ओढायचे थांबले नाहीत. तिने तो पायाने दाबून धरला. गाड्याच्या चाकांमागे हादरे झेलणारे पोलादाचे पाटे एकावर एक बसवलेले होते आणि त्यांच्या फटींत खारं पाणी दडून राहायचं. वरून कितीही पाणी ओता, तिथे पोचत नसे. खालून, झोपून, धार तिरकी धरूनच ते काढावं लागे. मग खारट काळं पाणी कोपरावरून काखेत उतरायचं. लहानपणापासून तिच्या काखेला या पाण्याची सवय होती. शाळेतून आली की दप्तर टाकून गाड्याखाली. आता ती गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती, तरी तेच. पर्स टाकून गाड्याखाली.

"मास्तरीणबाई," वडील वरून म्हणाले. ती मास्तरीण नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. "तुमच्या पुस्तकांत लिहिलंय का, पाटे कसे धुवायचे ते?"

"लिहिलंय. बापाच्या नादी लागू नये असंही लिहिलंय."

स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली, "सगळी टाकी त्या बोटीला पाजा. आम्ही कोरड्या अंघोळी करू."

शेवटी पाइप वडिलांकडे गेला. त्यांनी इंजिनचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवला, इंजिन चालू केलं आणि आतलं खारं पाणी निघून जाईपर्यंत कान लावून उभे राहिले. मग इंजिनच्या पायावरचा झिजलेला जस्ताचा ठोकळा काढून नवा बसवला. जुना त्यांनी तिच्या हातात दिला. उंदरांनी कुरतडलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता.

"बघ कसा खाल्लाय. समुद्राला रोज काहीतरी चावायला लागतं. त्याला हे द्यायचं, म्हणजे तो इंजिनला तोंड लावत नाही."

हे त्यांचं तिला शंभरदा सांगून झालं होतं. "हं," ती म्हणाली आणि केस पुसायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती, तेव्हा लंबूचा फोन आला. लंबू वडिलांबरोबर समुद्रावर जाणारा गडी. उंच, किडकिडीत, आणि दर वाक्याला एक विनोद करणारा. त्या दिवशी त्याने केला नाही.

"ताई, मालक पडले. दवाखान्यात या."

झालं होतं ते असं. बोट पाण्यात सोडली, ती तरंगली. वडील गाड्याच्या दांड्यावर टेकले आणि पुढे वाकले ते वाकलेच. माणसं धावली. त्यांना न्यायला जीप हवी, आणि जीपला मागे गाडा जोडलेला. लंबूने खटका काढून गाडा सोडला आणि जीप घेऊन सुटला. गाडा धक्क्याच्या उतारावरून घरंगळत पाण्यात गेला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, बघायचं कारणही नव्हतं. बोट कुणीतरी धक्क्याच्या भिंतीला बांधून ठेवली.

जीपला फार उपयोग झाला नाही. वडील वाटेतच गेले होते.

घर माणसांनी भरलं. येणारे तिच्या पाठीवर हात ठेवत आणि त्याच ठरलेल्या वाक्यांपैकी एखादं बोलून भिंतीला टेकून बसत. ती पाणी देत होती, रिकामे पेले उचलत होती. रडू तिला सगळ्यांसमोर येत नव्हतं. आत्याच्या ते लक्षात आलं. "पुस्तकं वाचून वाचून दगड झालीय पोर," आत्या शेजारणीला म्हणाली, हळू, पण ऐकू जाईल इतपत.

धक्क्याच्या मुकादमाने ट्रॅक्टर लावून गाडा वर काढला आणि त्यावर बोट चढवून अंगणात आणून टाकला तेव्हा तो कितीतरी भरत्या खाऊन चुकला होता. उन्हाने वाळून त्याच्यावर मिठाची पांढरी साय धरली होती. बोट ओढायच्या विंचचा दोर ताठ झाला होता. मागच्या दिव्यांत पाणी डचमळत होतं. ती खिडकीतून बघत होती. पाटे. फटींमध्ये आता नुसतं पाणी नाही, वाळूही असणार. ती ट्रे ठेवून उठली, मागच्या दाराने बाहेर गेली, जुना झगा चढवला आणि नळ सोडला.

आत्या दारात आली. "अगं, लोक बसलेत."

"बसू दे."

"बापाला जाऊन चार दिवस नाही झाले आणि ही गाडा धुतीय."

ती गाड्याखाली सरकली. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. धार तिरकी धरली तशी फटींतून वाळू निघाली, मग तांबडं पाणी, आणि ते तिच्या कोपरावरून काखेत उतरलं. तिथे ती रडली. खाली कुणी बघत नव्हतं, आणि तोंड ओलंच होतं.

मग काका बोलले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. पाठ कामातून जाईपर्यंत तेही याच बोटीवर जात. आता बर्फाच्या कारखान्यात गेटवर बसत. ते गाड्याशी वाकले, चाक फिरवून बघितलं. चाकाने दात खाल्ल्यासारखा आवाज केला.

"गेलं हे. बेअरिंगं संपली. वायरिंग संपलं. टाक हा नाद, पोरी. गाडा भंगारात, बोट मिळेल त्याला."

"गाड्याशिवाय बोट कोण घेईल?"

"कुणीतरी घेईल. आणि नाही घेतली तरी चालवणार कोण? वहिनी? मी? या पाठीने?"

धक्का उघडा होता. तिथे बोटी कायमच्या बांधून ठेवायची सोय नव्हती. रोज उतरवायची, रोज वर काढायची. हंगाम सुरू होताना मुकादम एकेक गाडा तपासायचा, आणि जो मोडका निघेल त्याची उतारावरची जागा पुढच्याला जायची. जागा गेली की बोट अंगणात कोंबड्या बसवायच्या कामाची. तपासणी तोंडावर आली होती. म्हणजे काकांना काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं थांबलं तरी त्यांचं म्हणणं खरं होणार होतं.

भंगारवाला दुसऱ्याच सकाळी आला. त्याने गाड्याला लाथ मारली, टायर दाबले, बोटीत वाकून बघितलं. तिच्याकडे न बघता काकांना म्हणाला, "उचलतो उद्या. टेम्पो आणतो."

"टेम्पो आणू नका," ती म्हणाली.

"अं?"

"विकायचा नाहीये."

भंगारवाल्याने काकांकडे बघितलं. काकांनी दाराकडे बघितलं. दारात आई उभी होती, पदराला हात पुसत. आई गेले काही दिवस कुणाशी बोलली नव्हती.

"ती नाही म्हणतीय ना," आई म्हणाली. "मग नाही."

ग्रंथालयातून सुटल्यावर ती बेअरिंग घ्यायला बाजारात गेली. जुनं बेअरिंग कागदात गुंडाळून नेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने ते उलटसुलट करून बघितलं.

"मिस्त्री कोण तुमचा?"

"मीच."

"नाही, म्हणजे बसवणार कोण?"

"मीच बसवणार."

"ताई, हे नुसतं घालायचं नसतं. मिस्त्रीला पाठवा, मी त्याला सांगतो." मागच्या बाकावर बसलेले दोघं हसले. त्यांतल्या एकाने तिच्या साडीकडे आणि खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता.

"सीलपण द्या," ती म्हणाली. "आणि पाण्यात चालणारं ग्रीस. साधं नको."

"पण ताई..."

"दोन्ही चाकांचं. मी थांबलीय."

ती थांबली. तिच्यामागून आलेली दोन गिऱ्हाइकं माल घेऊन गेली तरी थांबली. काउंटरवर कोपर टेकून पुस्तक काढलं आणि वाचू लागली. एक ओळ डोक्यात शिरत नव्हती, पण पानं ती वेळेवर उलटत होती. शेवटी त्या माणसाने वैतागून खोकं काढून तिच्यापुढे सरकवलं.

चाकं उघडली तेव्हा लंबू हजर होता. झाकण निघालं आणि आतून ग्रीस आलं, दुधाळ, राखाडी, पाणी घुसलेलं.

"अरारा," लंबू म्हणाला. "लस्सी झाली."

मालक गेल्यानंतरचा त्याचा हा पहिला विनोद होता, आणि केल्यावर तो स्वतःच गोरामोरा झाला. ती हसली. मग दोघंही हसले, जरा जास्तच.

एक चाक सरळ उतरलं. दुसऱ्याचं बेअरिंग आसाला चिकटून बसलं होतं. लंबूने छिन्नी धरली, तिने हातोडा घेतला. पहिला घाव छिन्नीवर, दुसरा लंबूच्या अंगठ्याजवळून गेला.

"ताई, मला दुसरा अंगठा नाही हो."

"दोन आहेत."

"हा कामाचा."

मग त्यांनी जागा बदलल्या. लंबूचा घाव निसटला आणि तिच्या बोटांच्या पेरांची सालं गेली. ग्रीस, मीठ आणि रक्त एकत्र झालं. तिने हात गोड्या पाण्याखाली धरला, फडकं गुंडाळलं आणि छिन्नी परत धरली. दिवेलागणीला बेअरिंग एकदम सुटलं आणि अंगणात गडगडत गेलं. आस घासून बघितला. तांबडा झाला होता, पण खोल खाल्लेला नव्हता. ती घासत राहिली, पोलाद चकाकेपर्यंत. फडक्यातून रक्त आलं तसं फडकं बदललं.

पाटे मात्र सगळे वाचले नाहीत. एका बाजूचा खालचा पाटा हातात पापडासारखा मोडला. तो लोहाराकडून करून आणला. वायर ओढून नवी घातली. दिवे नवे बसवले. आई मधूनच चहा आणून ठेवायची आणि न बोलता उभी राहायची. एकदा म्हणाली, "टाकी भरून ठेवलीय," आणि आत गेली.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती कामावरून आली तर अंगणात रंगाचा वास भरला होता.

बोट निळी झाली होती. कडा पांढऱ्या. गाडा काळाकुळकुळीत. काका उकिडवे बसून इंजिनच्या पायाला शेवटचा हात मारत होते. पाठ धरली असावी, कारण एक हात जमिनीवर टेकून दुसऱ्या हाताने ब्रश चालवत होते. निळा रंग त्यांच्या भुवईला लागला होता.

"आलीस? बघ." ते सरळ होता होता थांबले. "म्हटलं, उद्या सगळ्यांपुढे न्यायचीच आहे तर भावाची बोट भिकारड्यासारखी नको दिसायला."

त्यांनी सुट्टी घेतली होती. सकाळपासून बसले असणार. रंग सुरेख लागला होता, कुठे ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही. आणि जस्ताचा ठोकळाही निळा झाला होता. वडिलांनी शेवटच्या संध्याकाळी बसवलेला तो नवा ठोकळा. दोन हात मारलेले होते, चकचकीत.

त्यांच्यासमोर ते खरवडायला तिचं मन नको म्हणत होतं. नंतर कधीतरी गुपचूप खरवडता आलं असतं. पण बोट उद्या सकाळी पाण्यात जाणार होती, आणि वर रंग बसला की समुद्राला ते जस्त खाता येणार नव्हतं. मग तो शेजारी जे मिळेल ते खाणार होता, म्हणजे इंजिन. हे काकांनाही माहीत होतं. तिच्या जन्माआधीपासून माहीत होतं. हाताला लय लागली आणि ते विसरले होते, एवढंच.

तिने पिशवी खाली ठेवली, पत्र्याचा तुकडा घेतला आणि त्यांच्याशेजारी उकिडवी बसली.

"काय करतेस?"

"जस्त उघडं करतेय."

काकांनी ठोकळ्याकडे बघितलं. ब्रश धरलेला हात खाली आला. निळा रंग पापुद्र्यांनी निघू लागला, अजून ओलाच होता, पत्र्याला चिकटत होता.

"दादाने मला बोटीवरून खाली ढकललं असतं," काका म्हणाले.

"शिव्या देऊन."

"आधी शिव्या, मग ढकललं असतं." त्यांनी बाहीने नाक पुसलं. भुवईचा रंग गालावर आला. "गेटवर बसून बसून डोकं चालेनासं होतं गं. इथं जरा हाताला काही मिळालं. म्हणून."

"रंग चांगला झालाय, काका."

"चांगला झालाय ना?"

"गाड्याचा तर एकदम."

"मग ते टोक राहिलंय, आण इकडे." त्यांनी तिच्या हातातून पत्रा घेतला आणि कोपऱ्यातला रंग स्वतः काढू लागले. थोड्या वेळाने, वर न बघता, म्हणाले, "हे सगळं करतेस ते ठीक. पण चालवणार कोण, हे अजून सांगितलं नाहीस."

तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते तोंडातून कधी बाहेर पडलेलं नव्हतं. ही बोट तिने हजारदा धुतली होती. तिच्या तळाची एकेक चीर तिला ठाऊक होती. धक्क्याच्या भिंतीपलीकडे मात्र ती या बोटीतून एकदाही गेली नव्हती. बोट धुवायला घरातली माणसं आणि समुद्रावर पुरुष, असं होतं, आणि ते कुणी ठरवलंय असं कधी वाटलंच नव्हतं. हवेसारखं होतं ते.

सकाळी धक्क्यावर गाड्यांची रांग लागली होती. जीप ती चालवत होती, शेजारी लंबू. काका मागे स्कूटरवरून आले. तिची पाळी आली तशी तिने गाडा उताराच्या तोंडाशी नेला आणि जीप बंद केली.

मागून हॉर्न वाजला.

ती उतरली, चाकाजवळ गेली आणि हाताची मागची बाजू चाकाच्या मध्यावर ठेवली. गरम होतं. घरापासून इथवर फिरून चाक तापतं, आणि तसंच थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढून घेते. दुसरे कुणी थांबत नसत. वडील थांबत, आणि त्यावरून धक्क्यावर त्यांची यथेच्छ थट्टा व्हायची.

"काय ताई," मागच्या जीपमधला ओरडला, "ताप आलाय का चाकाला?"

"आलाय."

"औषध देऊ का?"

"उतरेल. घाई असेल तर उडून जा वरून."

रांगेत हशा पिकला. हॉर्न आणखी दोन वाजले. लंबू खाली मान घालून उभा होता. ती चाकाशेजारी उभी राहिली, हाताची घडी घालून, पेरांना फडकं बांधलेलं. मध्येच परत हात लावून बघायची आणि परत घडी घालायची. कुणीतरी काहीतरी घाण बोललं. तिने तिकडे बघितलं, तो माणूस दिसेपर्यंत बघितलं, आणि त्याने मान वळवली.

मुकादम आला. जाडजूड, छातीवर शिट्टी लोंबती. चाकं हलवली, पाटे ठोकले, दिवे लावून बघितले, वाकून इंजिनच्या पायाकडे बघितलं. निळ्या रंगात राखाडी ठोकळा उघडा होता, त्यावर पत्र्याचे ओरखडे.

"गाडा ठीक आहे," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं. मग तिच्या मागे काकांकडे बघितलं. "जागा तुमचीच राहिली. चालवणार कोण?"

काकांनी तोंड उघडलं.

"मी," ती म्हणाली.

मुकादमाने शिट्टी हातात घेतली, सोडली. "तुम्ही म्हणजे..."

"मी आणि लंबू."

"ताई, धक्क्यावरून आजवर कुणी बाईमाणूस..."

"नियम आहे का?"

"नियम असा नाही."

"मग?"

मुकादम डोकं खाजवत राहिला. मागचा हॉर्नवाला आता हॉर्न वाजवायचा विसरला होता. काका पुढे आले, गाड्याच्या दांड्यावर हात ठेवला आणि मुकादमाला म्हणाले, "बाजूला व्हा जरा. चाक थंड झालंय. वेळ कशाला घालवता?"

ती जीपमध्ये बसली आणि गाडा मागे घेतला. पहिल्यांदा तो तिरका गेला. ती पुढे आली आणि परत घेतला. रांगेतून कुणी हसलं असेल तर तिने ऐकलं नाही. चाकं पाण्यात गेली, बोट हलली, उचलली गेली. लंबूने दोर सोडला. जीप काकांच्या ताब्यात देऊन ती गुडघाभर पाण्यातून चालत गेली आणि साडीचा ओला ओचा धरून, कुणाचा हात न घेता, बोटीत चढली.

लंबू इंजिनशी बसला. बोट भिंतीच्या कडेने निघाली. इथवर पाणी शांत होतं, तेलकट, त्यावर धक्क्याचा कचरा. भिंत संपली आणि पहिल्याच लाटेने बोट पुढून वर उचलली. तिने दोन्ही हातांनी कड धरली. तोंडावर पाणी आलं, ओठांवर खारट.

आणि तिला भीती वाटायला हवी होती, तर राग आला. इतका मोठा, इतका उघडा समुद्र, घरापासून इतक्या जवळ. दर सकाळी वडील इथे यायचे. हे सगळं रोज बघायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, पाटे धुतलेस का.

ती उभी राहिली. पाय फाकवून, एक हात लंबूच्या खांद्यावर.

"बाबा," ती म्हणाली. वाऱ्याने शब्द उडवला. तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, समोर बघून. लंबूने इंजिनचा आवाज कमी केला. तिने आपला केला नाही.

"मला यायचं होतं. रोज. शाळेत होते तेव्हापासून. मी खाली झोपून चाकं धुवायची आणि वरून तुम्ही थट्टा करायचात, आणि मला तुमच्याबरोबर इथे यायचं होतं. तुम्ही एकदा विचारायला हवं होतं. रागावलेय मी तुमच्यावर, बाबा. खूप रागावलेय. आणि बोट मी चालवणार आहे."